गेमबॉयवर पहिलं गाणं: चार आवाज, सोळा पायऱ्या आणि स्वतःची चाल

गेमबॉय १९८९ साली जपानमध्ये विक्रीला आला. त्यात संगीत साठवलेलं नसतं. प्रोसेसरच्याच चिपमध्ये आवाज तयार करणारा एक छोटा भाग आहे आणि तो प्रत्येक सूर त्या क्षणी घडवतो. कुठला सूर, किती जोरात, किती वेळ, एवढं सांगणारं कोणीतरी हवं. गेममध्ये ते काम गेमचा प्रोग्राम करतो. गेमच्या जागी संगीतरचनेचा प्रोग्राम घातला की तेच यंत्र वाद्य होतं.

असे प्रोग्राम मोजकेच आहेत. जर्मनीच्या ऑलिव्हर विटचाउ यांचा नॅनोलूप आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचा लिटल साउंड डीजे, म्हणजे एलएसडीजे, हे त्यातले दोन प्रमुख. या लेखात एलएसडीजे घेतला आहे, कारण पूर्ण लांबीचं गाणं बांधायला तो जास्त सोयीचा आहे. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. पेटीवर सारेगम वाजवता येत असेल तर निम्मी तयारी झालेलीच आहे.

स्क्रीनवर सगळी अक्षरं रोमन दिसतात. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. आकडे सोळाच्या पद्धतीतले (हेक्साडेसिमल) असतात: ० ते ९ नंतर ए म्हणजे १०, बी ११, सी १२, डी १३, ई १४ आणि एफ १५. एवढं पाठ करून टाका, कारण पुढे पावलोपावली लागणार आहे.

आधी खिसा नको, कान उघडा

पहिला महिना यंत्र विकत घेऊ नका. एलएसडीजे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि संगणकावर एम्युलेटरमध्ये, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवा. विंडोजवर बीजीबी किंवा सेमबॉय, मॅकवर सेमबॉय. हे दोन्ही गेमबॉयचा आवाज बारकाईने उभा करतात. मोबाईलवरच्या अनेक एम्युलेटरांत आवाज उशिरा येतो. बटण दाबल्यावर सूर मागाहून आला की लय सांभाळता येत नाही आणि दोष आपलाच वाटतो. त्यामुळे शिकताना संगणकच बरा.

कीबोर्डवर ए, बी, स्टार्ट, सिलेक्ट ही चार बटणं आणि बाणाच्या चार दिशा अशा ठिकाणी बसवा की सिलेक्ट धरून बाण सहज दाबता येईल. या प्रोग्राममध्ये जवळजवळ सगळं काम दोन बटणांच्या जोडीने होतं.

चार आवाज, चार स्वभाव

इथे घाई करू नका. चांगलं गाणं आणि नुसता कलकलाट यांतला फरक याच ओळखीत आहे.

पहिले दोन आवाज पल्सचे, म्हणजे चौकोनी लहरीचे. यांच्या लहरीचा वर राहणारा भाग एकूण लांबीच्या किती टक्के हे निवडता येतं: १२.५, २५, ५० किंवा ७५. साडेबारा टक्क्यांचा आवाज सनईसारखा बारीक आणि टोचरा, पन्नास टक्क्यांचा जाड आणि पोकळ. ७५ आणि २५ टक्के एकटे वाजवले तर कानाला सारखेच लागतात, कारण एक दुसऱ्याचा उलटा आहे. पहिल्या पल्सला एक जादा सोय आहे, ती म्हणजे सूर आपोआप वर किंवा खाली घसरवणारी स्वीप.

तिसरा वेव्ह. यात ३२ ठिपक्यांची लहर आपणच आखायची. प्रत्येक ठिपक्याला १६ उंच्या. पण आवाजाची पातळी चारच प्रकारची: बंद, पाव, अर्धी, पूर्ण. त्यामुळे वेव्हवर सूर हळूहळू विझवता येत नाही. पल्सवर ते जमतं, तिथे १६ पातळ्या आहेत.

चौथा नॉइज, म्हणजे ठरावीक पद्धतीने तयार होणारी खरखर. लांब चक्राची खरखर पावसासारखी, छोट्या चक्राची धातूच्या पत्र्यासारखी. ड्रमसंचातले स्नेअर, हायहॅट, झांज इथून येतात.

आता थोडं गणित. पल्सची कंपनसंख्या १,३१,०७२ भागिले (२०४८ वजा एक्स) अशी ठरते आणि एक्स हा ० ते २०४७ यांतला पूर्णांक असतो. म्हणजे सर्वांत खालचा सूर ६४ हर्ट्झ. वेव्हसाठी वरचा आकडा ६५,५३६ आहे, म्हणून ती ३२ हर्ट्झपर्यंत उतरते. बेस वेव्हला द्यायचा तो यासाठी. याच सूत्रात आणखी एक खोच आहे. ४४० हर्ट्झचा सूर मागितला तर ४३९.८ मिळतो, कानाला फरक कळत नाही. पण २०९३ हर्ट्झ मागितला तर सर्वांत जवळचा २०८०.५ मिळतो, आणि हा सूर उतरलेला ऐकू येतो. खूप वरच्या सप्तकात चाल बेसूर वाटली तर कान ठीक आहेत असं समजा आणि चाल एक सप्तक खाली आणा.

स्टिरिओही तसाच रोखठोक: आवाज डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे. मधलं काही नाही.

प्रोग्रामची घडण

पाच मुख्य पडदे एका ओळीत आहेत: साँग, चेन, फ्रेज, इन्स्ट्रुमेंट, टेबल. सिलेक्ट धरून उजवा-डावा बाण दाबला की एकातून दुसऱ्यात जाता येतं. आपण कुठे आहोत ते उजवीकडे खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात दिसतं.

फ्रेज म्हणजे सोळा पायऱ्यांचा तुकडा, ० ते एफ. चेन म्हणजे अशा फ्रेजांची माळ, एका माळेत जास्तीत जास्त सोळा. साँगच्या पडद्यावर चार उभे रकाने असतात, प्रत्येक आवाजाला एक, आणि त्यांत चेनचे क्रमांक भरायचे. भजनात धृपद एकदाच लिहून प्रत्येक कडव्यानंतर त्याची नुसती खूण करतात, तसंच हे. एकदा लिहिलेला तुकडा क्रमांकाने हवा तिथे बोलवायचा.

पहिली चाल

भूप घेऊ. पाचच सूर आणि सहज गोड लागणारे.

१. साँगच्या पडद्यावर पहिल्या पल्सच्या रकान्यात ए दोनदा झटपट दाबा. नवी चेन तयार होते. एकदाच दाबलं तर आधी वापरलेला क्रमांक येतो. दोन रकान्यांत तोच क्रमांक आला तर दोन्ही आवाज एकच वाजवतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

२. सिलेक्ट आणि उजवा बाण. चेनमध्येही ए दोनदा दाबून नवी फ्रेज घ्या. पुन्हा सिलेक्ट आणि उजवा बाण.

३. फ्रेजमध्ये एकेक पायरी सोडून सूर भरा: ० वर सी-४ (सा), २ वर डी-४ (रे), ४ वर ई-४ (ग), ६ वर जी-४ (प), ८ वर ए-४ (ध), ए वर जी-४, सी वर ई-४, ई वर डी-४. ए बटणाने सूर येतो. ए धरून उजवा-डावा बाण दाबला तर अर्धा स्वर वर-खाली, वरचा-खालचा बाण दाबला तर सप्तक बदलतं. बी धरून ए दाबलं की खोडलं जातं.

४. स्टार्ट दाबा. ही फ्रेज फिरत राहील. वेग प्रोजेक्टच्या पडद्यावर टेम्पोमध्ये असतो. १२० ठेवला तर एक फ्रेज बरोबर दोन सेकंदांची होते.

५. इन्स्ट्रुमेंटच्या पडद्यावर जाऊन एन्व्हलप, म्हणजे सुराच्या जोराची चढउतार, बदला. पहिला आकडा जोर, दुसरा विझण्याचा वेग. ए३ म्हणजे मध्यम जोर आणि लवकर विझणारा सूर. दुसरा आकडा १ असेल तर टिचकी, ७ असेल तर लांबट, ० असेल तर पुढचा सूर येईपर्यंत वाजतच राहणारा. ९ पासून पुढे आवाज विझण्याऐवजी चढत जातो.

६. चेनमध्ये हीच फ्रेज चारदा लिहा आणि तिसऱ्या ओळीच्या ट्रान्सपोज रकान्यात ०५ भरा. तिसऱ्यांदा तीच चाल मध्यमावरून वाजेल. पंचमासाठी ०७, वरच्या सप्तकासाठी ०सी.

आता बेस. वेव्हच्या रकान्यात नवी चेन, नवी फ्रेज आणि नवं इन्स्ट्रुमेंट घ्या. इन्स्ट्रुमेंटचा प्रकार वेव्ह करा. ० वर सा, ८ वर खालचा प. वेव्ह आपणहून विझत नाही हे वर आलंच आहे, म्हणून सूर जिथे थांबवायचा त्या पायरीच्या कमांड रकान्यात के ०० लिहा. के म्हणजे किल. बेसमध्ये थांबे टाकल्याशिवाय लय उठत नाही.

नॉइजच्या रकान्यासाठी इन्स्ट्रुमेंटचा प्रकार नॉइज हवा. पल्सचं इन्स्ट्रुमेंट तसंच ठेवलं तर आवाज येत नाही किंवा भलताच येतो. सुरुवातीच्या दहा तक्रारींतल्या निम्म्या इथल्याच असतात. हायहॅटसाठी एन्व्हलप ६१ आणि वरचा सूर, स्नेअरसाठी ए२ आणि थोडा खालचा. स्नेअर ४ आणि सी या पायऱ्यांवर, हायहॅट दर दुसऱ्या पायरीवर, एवढ्यावर ठेका उभा राहतो.

दुसरा पल्स मोकळा आहे. तिथे नवी चाल रचण्याचा मोह आवरा. पहिलीच चाल तीन पायऱ्या उशिरा आणि कमी जोरात, म्हणजे एन्व्हलप ४३ वर, वाजवा. चिपमध्ये प्रतिध्वनीची कुठलीच सोय नाही, पण या युक्तीने आवाज मोठ्या खोलीत घुमल्यासारखा होतो. तुकडा उचलायला सिलेक्ट आणि बी दाबून निवड सुरू करा, बाणाने वाढवा, बीने नक्कल घ्या आणि सिलेक्ट धरून ए दाबून नव्या जागी ठेवा.

ज्याने रंग भरतो

एका पल्सवर एका वेळी एकच सूर वाजतो. मग तीन सुरांचा झंकार कसा काढायचा? सी कमांडने. सी ४७ लिहिलं की मूळ सूर, त्याच्यावर चार अर्धस्वर आणि सात अर्धस्वर असे तीन सूर इतक्या वेगाने फिरतात की कान त्यांना एकत्र ऐकतो. कोमल गंधारासाठी सी ३७, थांबवायला सी ००. व्हिडीओ गेमचा म्हणून जो खळखळता आवाज ओळखीचा आहे, तो हाच.

एल कमांड एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत नेते. आपल्या संगीताच्या कानाला ही सर्वांत जवळची, कारण मींड इथूनच मिळते. व्ही कमांड सूर हलवते. आकडे बदलत कानाने ठरवा. जिथे गायक थांबला असता तिथेच हलवा. प्रत्येक सुरावर व्ही टाकली तर सगळी चाल थरथरते.

टेबल हा सर्वांत ताकदीचा आणि सर्वांत उशिरा उमगणारा पडदा. ते छोटं वेळापत्रक असतं, सूर सुरू झाल्यावर प्रत्येक टिकला एक ओळ पुढे सरकणारं. नेहमीच्या वेगात एका पायरीला सहा टिक असतात. टेबलच्या पहिल्या ओळीत (क्रमांक ०) ट्रान्सपोजमध्ये ०सी आणि दुसरीत ०० लिहिलं तर सूर एक सप्तक वरून टिचकी मारून खाली येतो, तार छेडल्यासारखा. इथे हमखास चूक होते. टेबल सोळा ओळी संपल्यावर परत सुरुवातीला जातं, म्हणून लांब सुरात दर सोळा टिकांनी, म्हणजे अडीच-पावणेतीन पायऱ्यांनी, तीच टिचकी पुन्हा ऐकू येते. त्यासाठी तिसऱ्या ओळीत (क्रमांक २) एच ०१ लिहा. एच म्हणजे हॉप, उडी. टेबल मग ओळ १ वरच फिरत राहतं.

ढोलाचा ठोका पल्सवरही निघतो. इन्स्ट्रुमेंटमध्ये पिचचा प्रकार ड्रम ठेवा आणि पी कमांडने सूर वेगाने खाली सोडा. तयार ठोक्यांचे किट आहेत, पण ते वेव्हच्या रकान्यातच वाजतात. किटचा ठोका पडला की तिथला बेस तुटतो. म्हणून ठोका आणि बेस एकाच पायरीवर ठेवू नका. ठोका ० वर, बेस २ वर.

ताल सोळाचाच असला पाहिजे असं नाही

सोळा पायऱ्या म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, दर मात्रेला एक पायरी धरली तर. केहरवा दोनदा बसतो. झपतालासाठी ए या पायरीवर, म्हणजे ० ते ९ या दहा मात्रा संपल्यावर, एच ०० लिहा. प्रोग्राम लगेच पुढच्या फ्रेजवर उडी मारतो. रूपकासाठी ७ वर, दादऱ्याच्या दोन आवर्तनांसाठी सी वर. ही उडी चारही आवाजांच्या प्रत्येक फ्रेजमध्ये हवी. एकात राहिली तर तो आवाज दर आवर्तनाला मागे पडत जातो आणि सम हरवते.

लयीला झोल (स्विंग) हवा असेल तर ग्रूव्हच्या पडद्यावर, जिथे लागोपाठच्या पायऱ्यांचे टिक ठरतात, ६ आणि ६ च्या जागी ७ आणि ५ किंवा ८ आणि ४ लिहा. बेरीज बारा राहिली पाहिजे, नाहीतर गाण्याचा वेगच बदलतो.

बांधणी करताना एक धोका कायम लक्षात ठेवा. एकच फ्रेज पाच ठिकाणी वापरली असेल आणि तुम्ही शेवटच्या कडव्यात एक सूर बदललात, तर तो पाचही ठिकाणी बदलतो. बदल करण्याआधी चेनच्या पडद्यावर सिलेक्ट धरून बी आणि मग ए दाबा. फ्रेजची स्वतंत्र प्रत मिळते.

यंत्र घेताना

एम्युलेटरवर दोन-तीन गाणी पूर्ण झाली की मग यंत्र शोधा. भारतात जुने गेमबॉय कमी सापडतात, आणि नव्वदच्या दशकात घराघरात असलेला ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम म्हणजे गेमबॉय नव्हे. दिसायला जवळचा असला तरी त्यात कार्ट्रिजची, म्हणजे गेमची डबी खोचायची, खाच नाही, त्यावर यातलं काहीच चालणार नाही. परदेशातून मागवत असाल तर किंमत आणि टपालखर्चावर कस्टम ड्युटी धरून हिशेब करा.

संगीतासाठी पहिली पसंती १९८९ च्या करड्या जाड मॉडेलला. त्याचा बेस सर्वांत भरीव. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. १९९८ चा गेमबॉय कलर दोन सेलवर चालतो आणि वेगवान आहे, त्यामुळे पडदे बदलताना अडखळत नाही, पण बेस पातळ. गेमबॉय ॲडव्हान्स एसपीला हेडफोनचं भोकच नाही, वेगळा जोड लागतो. नव्याने उजेडाचा पडदा बसवलेल्या यंत्रांत कधीकधी त्या दिव्याची शिट्टी आवाजात मिसळते. विक्रेत्याकडून आवाजाचा नमुना मागा.

पाहण्याच्या गोष्टी: सेलच्या खाचेतले पत्रे हिरवे-पांढरे झालेत का, पडद्यावर उभ्या रेषा गायब आहेत का, आवाजाचं चाक फिरवताना खरखर होते का. गंजलेला पत्रा व्हिनेगरच्या बोळ्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ होतो. चाकाची खरखर काँटॅक्ट क्लीनरने जाते. यंत्र उघडायला तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, साध्या पान्याने स्क्रूची डोकी झिजतात. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत विचारा.

प्रोग्राम घालायला पुन्हा लिहिता येणारं कार्ट्रिज हवं. एव्हरड्राइव्हसारखं मेमरी कार्डवालं सोयीचं. स्वस्तातलं घेताना एकच प्रश्न विचारा: साठवणीची मेमरी १२८ केबी आहे का? एलएसडीजेला तेवढी लागते. ३२ केबीच्या कार्ट्रिजवर प्रोग्राम उघडतो, पण गाण्यांची साठवण नीट होत नाही, आणि हे कळतं तोवर काम गेलेलं असतं.

रेकॉर्डिंग

हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमी स्टिरिओ ते दोन ६.३५ मिमी मोनो अशी वायर घ्या आणि ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या पेटीच्या, दोन लाइन इनपुटना जोडा. मोबाईलच्या हेडसेटच्या भोकात जोडू नका, तिथला माइक मोनो असतो आणि स्टिरिओ जातो. यंत्रावरचं चाक पूर्ण नाही, पाऊण फिरवा. पूर्णवर ठोके फाटतात. २४ बिटवर, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आसपास येईल अशा पातळीवर घ्या.

यंत्र सेलवरच चालवा. हलक्या ॲडॉप्टरने गुणगुण येते. तरीही आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. मागची बारीक सळसळ मात्र यंत्राच्या ॲम्प्लिफायरची आहे, ती पूर्ण जात नाही. डाख देता येत असेल तर आवाजाच्या चाकाच्या पायांपासून डावा, उजवा आणि ग्राउंड अशा तीन शील्डेड वायरी थेट बाहेर काढून ती बरीच कमी करता येते. यालाच प्रोसाउंड म्हणतात. असा आवाज क्षीण येतो, इंटरफेसवर वाढवून घ्यावा लागतो. पहिल्या यंत्रावर हा प्रयोग नको.

मिक्सिंगसाठी आवाज वेगळे हवे असतील तर साँगच्या पडद्यावर बी आणि सिलेक्टने तीन रकाने गप्प करून चौथा रेकॉर्ड करा, असं चार वेळा. चारही वेळी गाण्याच्या आधी एक रिकामी फ्रेज ठेवून तिच्या पहिल्या पायरीवर एक छोटा ठोका वाजवा. नंतर संगणकावर चारही पट्ट्या त्या ठोक्यावर जुळवता येतात.

काम जाऊ नये म्हणून

चालू गाणं आपोआप गाण्यांच्या यादीत जात नाही. प्रोजेक्टच्या पडद्यावरून लोड-सेव्हमध्ये जाऊन नाव देऊन साठवावं लागतं. यादीत ३२ जागा आहेत. सेल मावळायला लागले की यंत्राचा लाल दिवा मंद होतो. तो मंद दिसताच आधी साठवा आणि मग सेल बदला. मेमरी कार्डवाली कार्ट्रिजं जास्त वीज ओढतात, त्यामुळे दिवा मंदावल्यापासून यंत्र बंद पडेपर्यंत फारसा वेळ मिळत नाही. काही कार्ट्रिजांत साठवलेलं प्रत्यक्ष कार्डावर लिहिलं जातं ते मेनूत परत गेल्यावरच, तुमच्या कार्ट्रिजची पद्धत पहिल्याच दिवशी बिनमहत्त्वाच्या गाण्यावर तपासून घ्या. ज्यांत बटणासारखा गोल सेल आहे त्यांत तो संपला की सगळी गाणी एकदम पुसली जातात आणि आधी कुठलीही सूचना मिळत नाही. म्हणून दर आठवड्याला सेव्ह फाइल संगणकावर उतरवा आणि नावात तारीख घाला. तीच फाइल एम्युलेटरमध्ये उघडून गाणं वाजतं का ते ऐका. वाजलं, तरच ती प्रत धरायची.